सात किलो एकशे चाळीस ग्रॅम

माझ्या हाताला वजन कळतं. ही बढाई नाही, तीस वर्षांच्या नोकरीची सवय आहे. एका कारखान्यात वजनकाटे तपासायचं माझं काम होतं. पेटीतून पितळी प्रमाण वजनं काढायची, एकेक काट्यावर ठेवायची आणि काटा खरं बोलतोय की खोटं ते लिहून सही करायची. होता होता काट्याच्या आधी हातालाच कळायला लागलं. आमच्या कोपऱ्यावरची भाजीवाली मी दिसले की न सांगता एक टोमॅटो जास्त टाकते. पिशवी उचलल्या उचलल्या मी तिची लबाडी ग्रॅममध्ये सांगते, हे तिला अनुभवानं ठाऊक झालंय.

निवृत्त झाले त्याच महिन्यात मी ट्रेलर घेतला. जुनाच, बारा फुटी, गाडीमागे जोडून ओढायचा. आत समोरासमोर दोन बाकं, रात्री त्यांचेच पलंग होतात. एक शेगडी, एक एवढंसं बेसिन, आणि बूट ठेवायला केलेल्या कपाटात दोघींचे सगळे कपडे. आम्ही त्याला डबी म्हणतो. नवरा जहाजावर इंजिनियर, सहा महिने पाण्यावर आणि सहा महिने सोफ्यावर. त्यामुळे डबीतून फिरायला माझ्याबरोबर असतात त्या माझ्या सासूबाई. माझी बहीण दर वेळी विचारते, "बारा फुटांत सासू, सून आणि तीन कुत्री, अजून सगळे जिवंत आहात ना?" आहोत, आणि मजेत आहोत. डबीत रुसून जायला दुसरी खोली नाही, त्यामुळे भांडण पाच मिनिटांच्या वर टिकत नाही.

कुत्र्यांची ओळख करून द्यायला हवी. ढब्बू चौतीस किलो, मनानं लोणी आणि डोक्यानं दगड. सावळी एकोणीस किलो, हुशार आणि म्हणूनच चोरटी. टिकली सात किलो. ती तेरा वर्षांची, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हृदय कमजोर, सकाळ-संध्याकाळ अर्धी गोळी. कान आणि नाक मात्र तरुण पोरीला लाजवतील असे. ती सासूबाईंची. सासरे गेले त्या आठवड्यात हे पिल्लू कुठूनसं फाटकातून आत आलं आणि सासूबाईंच्या पायाशी बसलं, ते त्यांचंच झालं. मागच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, हे वर्ष काढलं तर पुष्कळ झालं. घरी येऊन सासूबाईंनी टिकलीला अर्धा तास विंचरलं आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हे बघ, हिला कुठे एकटीला मरू द्यायचं नाही. माझ्या मांडीवर जाऊ दे. तेवढं तू सांभाळ."

मी म्हटलं, सांभाळते. एवढं एकच त्यांनी माझ्याकडे बावीस वर्षांत मागितलं होतं.

आता मोजणीचं सांगते. मुक्काम हलवताना डबी गाडीला जोडली की मी जोडावर तळहात ठेवून उभी राहते. गाडीत कोणी चढलं की मागचा भाग खचतो आणि ते हाताला कळतं. आधी सासूबाई पुढच्या सीटवर, अठ्ठावन्न किलो. मग मी शिट्टी घालते आणि कुत्री बाजूच्या दारातून मागे चढतात, मोठ्यापासून लहानापर्यंत, तशी शिस्तच लावलीय. चौतीस, एकोणीस, सात. मी मान वर करून बघतसुद्धा नाही. डोळ्यांना फसवणं सोपं असतं, वजनाला कसं फसवणार? सासूबाई यावर मला चिडवायच्या, "एक दिवस कोणी हिला गोण्या भरून देईल आणि ही म्हणेल, चला, ढब्बू चढला." मी म्हणायचे, "आई, गोणी कधी शेपटी हलवत नाही. शेपटी हललेलीही मला कळते." ते खरंच होतं.

त्या वेळी आम्ही तीन तासांवरच्या एका तळ्याकाठी गेलो होतो. हंगाम सरला होता आणि सगळ्या मैदानात आमची एकटी डबी. रखवालदार म्हणजे गळ्यात शिट्टी अडकवलेला एक वाळका माणूस. त्यानं आम्हाला नऊ नंबरची जागा दिली. झाडाची सावली, हाताशी नळ, समोर पाणी. मी डबी सरळ लावली. पाणसळीचा बुडबुडा बरोबर मध्ये येईपर्यंत मी कोणाला आत पाऊल टाकू देत नाही. सासूबाई खुर्ची टाकून बसल्या आणि म्हणाल्या, "लग्नाचं घर सुद्धा इतकं सरळ नव्हतं गं तुझं." चारी टेकूंखाली मी चार चौकोनी फळ्या ठेवते, माझ्या हातानं कापलेल्या. त्यातल्या एकीचा कोपरा सावळीनं पिल्लू असताना कुरतडलाय.

पहिल्या संध्याकाळी ऊन कलताना मी मैदानात फेरी मारत होते, तेव्हा शेजारच्या दहा नंबरच्या जागेवर गवत दबलेलं दिसलं. लांबट चौकोन, आतलं गवत पिवळं पडलेलं. कोणीतरी बरेच दिवस ट्रेलर लावला होता, उघड होतं. चार कोपऱ्यांना चार फळ्यांचे ठसेही होते. मी सहज बघत पुढे निघाले आणि थांबले. मागच्या डाव्या ठशाला एक कोपरा नव्हता.

मी टेप आणला. बारा फूट चार इंच लांब, सहा फूट सात इंच रुंद. आमच्या डबीची मापं मला पाठ आहेत आणि ती हीच आहेत. मग त्या डाव्या ठशाशी मी उकिडवी बसले. जिथे लाकूड नव्हतं तिथल्या मातीची कड कातरलेली होती, दातांच्या खुणांसकट.

रखवालदार नळ बंद करायला आला होता. मी विचारलं, "दहा नंबरला आधी कोण होतं हो?"

"तिथं? कोणी नाही ताई. पाणी साचतं म्हणून वर्षभर ती जागा आम्ही कोणाला देतच नाही."

"मग हे गवत?"

त्यानं गवताकडे बघितलं, मग नळाकडे. "असेल काहीतरी," असं म्हणून तो गेला.

आपण म्हणावं की आमच्यासारखाच दुसरा ट्रेलर असेल, त्यांच्याही कुत्र्याला लाकूड गोड लागत असेल. जगात काय एकाच कारखान्यातून एकच ट्रेलर निघतो? मी टेप गुंडाळला आणि चहा टाकला. सासूबाईंना काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

दुसऱ्या दिवशी टिकली सारखी तिकडे जायला लागली. तिला दिसत नाही, तरी ती सरळ त्या चौकोनाच्या उजव्या बाजूला जायची, आमच्या डबीचं दार जिथे येतं बरोबर तिथे. तिथे थांबून ती पुढचा एक पाय उचलायची, पायरी चढताना उचलते तितकाच. मग पाय खाली ठेवून बसायची आणि वर बघत शेपटी हलवायची.

ढब्बू आणि सावळी मात्र त्या चौकोनात पाऊल टाकेनात. मी मुद्दाम चेंडू तिकडे टाकला. दोघं काठाशी थांबली आणि माझ्याकडे बघत बसली, जणू चूक माझी होती. मी स्वतः जाऊन चेंडू आणला. गवत पायाला गार लागलं, दिवसभर सावलीत असलेल्या जागेसारखं. वर ऊन रणरणत होतं आणि आमच्या झाडाची सावली तिथपर्यंत पोचत नव्हती. ठसे आदल्या दिवशी एक बोट खोल होते, आज दोन बोटं होते. जमीन कोरडी ठणठणीत. दोन बोटं खचायला किती वजन लागतं याचा हिशोब मी मनात केला, आणि उत्तर भरलेल्या डबीएवढं आलं. मी स्वतःलाच म्हटलं, बाई, निवृत्त झालीस ना? मग पुरे कर.

दुपारी सासूबाई स्वेटर विणत बसल्या होत्या. टाका मोजता मोजता म्हणाल्या, "शेजारी कोणी आलंय का गं?"

"नाही. का?"

"चहाचा वास येतोय. आलं घातलेला."

"आपलाच असेल."

"आपण कुठे टाकलाय अजून?" असं म्हणून त्यांनी विणकाम मांडीवर ठेवलं आणि बराच वेळ दहा नंबरकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आपल्यासारखंच बिघडवतंय कोणीतरी. आलं करपलंय." मी हसले. माझ्या चहावर त्यांचं आयुष्यभर हेच म्हणणं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आवरायला घेतलं. मी टेकू काढत होते, फळ्या झाडून मोजून आत ठेवत होते. सासूबाई म्हणाल्या, "तुझं चालू दे. मी टिकलीला पाण्यापर्यंत फिरवून आणते. परत येईल न येईल बिचारी." त्यांनी पर्स खांद्याला लावली, टिकलीच्या गोळ्या त्यात असतात, आणि दोघी झाडांमागे गेल्या. वीसेक मिनिटांनी मला त्यांचा गुलाबी स्वेटर दहा नंबरच्या बाजूनं येताना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला. माझी मान खाली होती, कपलिंगची खिट्टी बसत नव्हती.

"आई, बसा तुम्ही," मी म्हटलं.

पुढचं दार उघडलं, मिटलं. जोडावर हात होताच. अठ्ठावन्न. मी शिट्टी घातली. चौतीस. एकोणीस. सात. मी हात पुसले, बाजूचं दार लावलं आणि निघालो. वाटेत पेट्रोल पंपावर कुत्र्यांना पाणी द्यायला दार उघडलं तर तिन्ही जागेवर होती. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी स्वतःला शंभर वेळा विचारलं, की तू बघितलं होतंस ना? बघितलं होतं.

घरी आल्यावर सगळं छान झालं. अगदी छान. टिकली कोणी न उचलता सोफ्यावर चढली. जिने चढताना सासूबाईंचे गुडघे कुरकुरले नाहीत. मी चहा केला तर त्या म्हणाल्या, "छान झालाय." बावीस वर्षं माझ्या चहाला त्यांनी "पाणी गरम केलंस, चांगलं केलंस" याच्या पलीकडे प्रमाणपत्र दिलं नव्हतं. मी कप तसाच हातात धरून उभी राहिले. मग म्हटलं, तळ्याची हवा मानवली दोघींना. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

ढब्बू आणि सावळी त्या दिवसापासून माझ्या खोलीत झोपायला लागली. आधी सगळी सासूबाईंच्या खोलीत झोपायची. मी म्हटलं, पंखा माझ्याकडे चांगला आहे.

एका संध्याकाळी मी विचारलं, "आई, टिकलीची गोळी दिलीत?"

"कुठली गोळी?"

"हृदयाची. तुमच्या पर्समध्ये आहे ती."

"आता तिला लागत नाही," त्या म्हणाल्या. त्यांची पर्सही कुठे दिसली नाही. टिकली त्यांच्या पायाशी ताठ बसली होती, पुतळ्यासारखी, आणि माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे स्वच्छ दिसत होते. मी मनात म्हटलं, डॉक्टरही कधी कधी चुकतात.

परतल्याच्या दुसऱ्या दिवशी रखवालदाराचा फोन आला होता.

"ताई, तुमची एक कुत्री राहिली का हो इथे? बारीकशी, पांढरी, कानावर काळं."

"नाही हो. तिन्ही मोजून आणलीत."

"तशीच आहे अगदी. दहा नंबरला बसून असते."

"असेल दुसऱ्या कोणाची. आमची इथे सोफ्यावर बसलीय."

सहाव्या दिवशी त्याचा पुन्हा फोन. कोणाच्या हातचं खात नाही, चौकोनाबाहेर येत नाही, म्हणाला. मला राग आला. मी म्हटलं, "अहो, तीस वर्षं मोजायचंच काम केलंय मी. माझी मोजणी चुकत नाही." त्यानं "बरं" म्हटलं. माझी मोजणी चुकली नव्हती, हे मी आजही सांगते. तेवढंच सांगण्यात मी सहा दिवस घालवले.

महिन्याच्या एक तारखेला मी कुत्र्यांची वजनं करते. गोळ्यांचा डोस वजनावर असतो. माझ्याकडे दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारा चांगला काटा आहे. ढब्बू चढला. आकडे नाचायला लागले, चौतीस वीस, चौतीस दहा, चौतीस तीस. जिवंत प्राणी काट्यावर ठेवला की असंच होतं. तो श्वास घेतो, त्याचं काळीज उडतं, अंगावरची माशी त्याला सहन होत नाही. मधला आकडा धरायचा आणि लिहायचा. सावळीचंही तसंच झालं.

मग टिकली चढली. सात किलो एकशे चाळीस ग्रॅम.

मी आकडे नाचायची वाट बघितली. ते हलले नाहीत.

काटा अडकला असेल म्हणून मी तिला उतरवलं, शून्य केलं, पुन्हा चढवलं. सात एकशे चाळीस. तिला पोटभर खायला घातलं, शंभर ग्रॅम तरी असेल, आणि पुन्हा ठेवलं. सात एकशे चाळीस. मी वही काढली. मागच्या महिन्याच्या एक तारखेला माझ्या अक्षरात लिहिलं होतं, टिकली, ७.१४०.

असं स्थिर उभं राहणारं वजन मी आयुष्यात खूप बघितलंय. ते पितळी असतं, आणि पेटीत ठेवतात.

मी गुडघ्यावर बसून तिच्या छातीला हात लावला. ती माझ्याकडे बघत राहिली. स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "भरली ना गं बरोबर?"

"भरली, आई," मी म्हटलं.

मी घाबरले कमी, शरमले जास्त. आठ दिवस. आंधळी, आजारी, तेरा वर्षांची, आणि गोळ्या नाहीत. एकटीला मरू द्यायचं नाही एवढंच मागितलं होतं माझ्याकडे, आणि मी फोनवर माझ्या हाताचं कौतुक सांगत बसले होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी निघाले. सासूबाईंना म्हटलं, तळ्याकाठी एक फळी राहिलीय. "जाऊन ये," त्या म्हणाल्या. कधी येशील, गाडी हळू चालव, एका फळीसाठी कशाला पेट्रोल जाळतेस, काहीच विचारलं नाही.

रखवालदार वाटेतच उभा होता. "जिवंत आहे," तो आधी म्हणाला, आणि मला त्याचे पाय धरावेसे वाटले.

दहा नंबरचा चौकोन आता चांगला वीतभर खचला होता. त्याच्या उजव्या बाजूला, दाराच्या जागी, टिकली बसली होती. मी हाक मारल्यावर तिनं नाक वर केलं, माझा वास घेतला आणि सगळं अंग हलवत उठली. मी तिला उचललं. सात किलो, थोडी कमी, आणि ते सगळं हातात थरथरत होतं, धडधडत होतं, क्षणभर एका जागी राहत नव्हतं. मी तिथेच गवतात बसून रडले. रखवालदार दुसरीकडे बघत उभा राहिला.

"खात नव्हती ना ही?" मी डोळे पुसत विचारलं.

"माझ्या हातचं नाही. पण वाळलेली वाटते का तुम्हाला? आणि हे बघा." त्यानं तिच्या पाठीवर बोट फिरवलं. केस गुळगुळीत होते, एकही गुंता नव्हता. कोणीतरी रोज विंचरत असावं असे.

"तुम्ही विंचरता?"

"मी कशाला? मी सकाळी येतो तेव्हा अशीच असते."

तिच्या ओठाच्या कोपऱ्याला पांढरी पूड लागली होती. कडू वास येत होता. गोळी अर्धी करताना जी भुकटी पडते, ती. मी पदरानं ती पुसली. तीस वर्षांत पहिल्यांदा समोर आकडा दिसत असताना मी तो लिहिला नाही.

निघताना ती चौकोनाच्या काठाशी अडली. मागे वळली आणि मान वर करून वाट बघत उभी राहिली, हळू चालणाऱ्या माणसासाठी थांबावं तशी. मी तिला उचलून गाडीत ठेवलं. तीन तास ती सीटवर उभीच होती, तोंड मागच्या काचेकडे करून.

मी सारखी तिला सांगत होते, "अगं, घरी चाललोय. आईंकडे चाललोय."

फाटकाशी गाडी थांबवून मी तिला खाली ठेवलं. आवाज ऐकून सासूबाई दारात आल्या. त्यांच्या पायाशी ती दुसरी येऊन उभी राहिली. दोघींनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "आई, टिकली आणलीय."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या.

फाटकापासून दारापर्यंत बारा पावलं आहेत. टिकली ती नेहमी पळत जायची, डॉक्टरांनी बजावलं तरी. आता तिनं नाक दाराच्या दिशेला केलं. एकदा वास घेतला.

मग ती वळली. माझ्या पायाला घासून फाटकाबाहेर गेली आणि रस्त्याच्या कडेला बसली. आम्ही आलो त्या बाजूला तोंड करून. सासूबाई बाजारात जायच्या आणि यायला उशीर व्हायचा, तेव्हा ती अशीच बसायची.

"टिकले," दारातून हाक आली, तोच आवाज, तीच ओढ, "ये गं आत."

तेरा वर्षांत त्या हाकेला तिचे कान उठले नाहीत असं कधी झालं नव्हतं. ते रस्त्याकडेच लागलेले राहिले.